विश्लेषण : महाप्रसादाच्या पातेल्याखालचा स्टँड कसा असावा?

गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात किंवा मंडपामागे महाप्रसादाचा स्वयंपाक ठरला, की तांदळापासून द्रोण-पत्रावळीपर्यंत सगळ्याची यादी होते. पातेले कशावर चढवायचे, हे मात्र त्या यादीत नसते. शेगडी डेकोरेटरकडून येते आणि तिच्यासोबत येईल तो स्टँड येतो. तो डुगडुगत असेल तर एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला जातो. स्टँड आलाच नाही तर विटा आहेतच. मोठ्या स्वयंपाकात धोक्याची वस्तू म्हणून आपण सिलिंडरकडे पाहतो, पण उकळत्या आमटीचे पातेले ज्यावर उभे आहे त्या लोखंडी चौकटीकडे कोणी पाहत नाही. ही चौकट जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात एका दिवसात होण्यासारखी आहे. ती भाड्याने आणण्याऐवजी मंडळाने स्वतःचीच करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न पूर्वी का नव्हता?

गावजेवणासाठी पूर्वी चर खणायचे किंवा दगडमातीचे चुलवण घालायचे. लाकडे खाली आणि पातेले जवळजवळ जमिनीलगत, अशी ती मांडणी असे. पातेल्याचा काठोकाठ भार मातीवर पडे. ते कलंडायला जागाच नव्हती आणि कलंडले तरी फार उंचावरून सांडत नसे. गॅस आला आणि विस्तव जमिनीवरून उचलला गेला. शेगडीच्या उंचीमुळे पातेलेही वर गेले. मात्र चुलवणाने जो भार निमूट सोसला होता तो आता कोण सोसणार, याचा विचार झाला नाही. चुलवणातली माती गेली आणि नुसत्या विटा उरल्या.

मग गॅससाठीही चर खणावा का? मुळीच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, खोलगट जागेत साचतो. म्हणूनच तळघरातल्या पार्किंगमध्ये असा स्वयंपाक मांडू नये. पातेले उंचावरच राहणार असेल, तर आधार नीट बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

भार नेमका किती?

साठ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात छत्तीस सेंटिमीटरपर्यंत आमटी असेल तर ती साधारण १०० लिटर भरते, म्हणजे शंभर किलो. त्यात पातेले आणि झाकण मिळवले की आकडा एकशे दहा-पंधरा किलोवर जातो. दोन मोठी माणसे त्या स्टँडवर उभी आहेत, असे समजा. शिवाय ती स्वस्थ उभी नाहीत. तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या झाऱ्याने ढवळताना पातेल्याला आडवा धक्का बसत राहतो. नुसता उभा भार बरेच स्टँड पेलतात, पण या आडव्या धक्क्याने त्यांचे पाय फाकतात. म्हणून करून घेताना निदान दुप्पट भार धरावा. वेल्डिंगवाल्याला ‘मोठ्या पातेल्यासाठी’ असे मोघम न सांगता ‘अडीचशे किलोसाठी’ असे सांगावे.

पाय तीन की चार?

तिपाई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, हा तिचा गुण खरा. पण ती लवकर कलंडते. स्टँडच्या मध्यापासून प्रत्येक पाय ३० सेंटिमीटरवर आहे असे धरू. दोन पायांना जोडणारी रेघ म्हणजे कलंडण्याची कड. तिपाईत ही कड मध्यापासून अवघ्या १५ सेंटिमीटरवर येते, चौरस चौकटीत २१ सेंटिमीटरवर. दहा-वीस लिटरच्या भांड्याला तिपाई चालेल. शंभर लिटरला चारच पाय हवेत, आणि तेही खाली बाहेरच्या बाजूला पसरलेले.

चार पायांना समपातळी लागते, आणि आपले सण पावसात येतात. चाळीस मिलिमीटरच्या अँगलचे टोक जमिनीला चार चौरस सेंटिमीटरही टेकत नाही. त्या एवढ्याशा टोकावर एकोणतीस-तीस किलो आले, की ओल्या मातीत ते सुरीसारखे रुतते. चारही पाय सारखे रुतले तर ठीक, पण तसे कधीच होत नाही. प्रत्येक पायाखाली दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची पट्टी वेल्ड केली, तर जमिनीवरचा दाब पंचवीस पटींहून अधिक कमी होतो. सगळ्या कामातली ही सर्वात स्वस्त दुरुस्ती आहे, आणि भाड्याच्या स्टँडला नेमकी तीच नसते.

चौकट कशी असावी?

वरचा चौरस ५० सेंटिमीटरचा, खालचा ७० सेंटिमीटरचा आणि एकूण उंची ४० सेंटिमीटर, एवढे माप शंभर लिटरला पुरते. त्यावर पातेले ठेवले, तरी काठ कमरेच्या आसपास राहतो आणि ढवळणाऱ्याला आत दिसते. काठ छातीपर्यंत गेला की वाफ तोंडावर येते आणि झारा खांद्याच्या जोराने फिरवावा लागतो. वर दोन आडव्या पट्ट्या, सांध्यांना तिरके टेकू आणि चार कोपऱ्यांवर, पातेल्याच्या बुडाला जरासे सोडून, दोन इंच उंचीचे कान. ढवळताना पातेले सरकू लागले तर हे कान ते अडवतात. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. या मापाला आठ-साडेआठ मीटर लागतो, म्हणजे पट्ट्या धरून साधारण सत्तावीस किलो लोखंड. त्या दिवसाच्या भावाने गुणा आणि मजुरी मिळवा. भंगारातला अँगल घेतला तर खर्च आणखी उतरतो, फक्त गंजून पातळ झालेला नको. मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकांवर होणाऱ्या खर्चाशी या रकमेची तुलना ज्याने त्याने मनातल्या मनात करावी.

जस्ताचा मुलामा दिलेले पाइप मात्र घेऊ नयेत. ते वेल्ड करताना किंवा आचेत तापल्यावर जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेल्यास ताप भरतो. साधे लोखंडही आचेत आपली ताकद सोडते. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या घरात ती निम्म्यावर येते, आणि ज्वाळेत लाल झालेली पट्टी त्याहून अधिक तापलेली असते. म्हणून वरच्या पट्ट्या पातळ सळयांच्या नकोत.

बर्नर खालच्या चौकटीला बोल्टने बसवावा. तो सुटा असला तर पायाच्या धक्क्याने सरकतो आणि आच एकाच पायावर जाते. ज्वाळेचे टोक बुडाला टेकेल इतके अंतर हवे. बर्नर फार जवळ असला तर ज्वाळा गुदमरून काजळी धरते, फार लांब असला तर उष्णता वाऱ्यावर जाते. शंभर लिटर पाणी उकळीला आणायला हिशेबाने जेमतेम पाऊण किलो गॅस पुरावा. उघड्या मैदानात दोन किलोही लागतो. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, पण खालून हवा येऊ द्या, आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर, लांब ठेवा. तो १९ किलोचा व्यावसायिकच असावा, कारण घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे नियमात बसत नाही.

आचारी तर विटांवरच करतात ना?

करतात, आणि त्यांच्या हातून सहसा सांडतही नाही, कारण वीट कधी हलली हे त्यांच्या हाताला कळते. महाप्रसादाला मात्र झारा घेणारे आळीपाळीने बदलतात. त्यात कॉलेजातला मुलगा असतो, निवृत्त काका असतात, आणि आसपास प्रसादाची वाट पाहणारी मुले पळत असतात. अनुभवी हात गृहीत धरून मांडलेली व्यवस्था हौशी हातांच्या भरवशावर सोडता येत नाही. शिवाय ओलसर वीट किंवा काँक्रीटचा ठोकळा एकदम तापला, की आतल्या पाण्याची वाफ होऊन त्याच्या कपच्या उडतात. शहाबादी फरशीही आचेने तडकते. तिच्यावर वाळूचा थर द्यावा.

नवा स्टँड आला की उत्सवाच्या आठवडाभर आधी, जिथे स्वयंपाक होणार त्याच जागी तो मांडावा. पातेले गार पाण्याने काठापर्यंत भरावे आणि दोघांनी झाऱ्याने जोर लावून ढवळावे. नंतर रात्रभर तसेच ठेवून सकाळी चारही पाय आणि सांधे पाहावेत. पाय रुतला असेल किंवा सांध्याला चीर दिसली, तर वेल्डिंगवाला अजून गणपतीच्या गर्दीत अडकलेला नसतो.