पेढीवरचा शिपाई

आमच्या परिचयाच्या एका व्यापारी गृहस्थांनीं परवां आम्हांस एक पेंच घातला. त्यांच्या पेढीवर हिशेब लिहिणारा एक पदवीधर तरुण प्रादेशिक सेनेंत, म्हणजे टेरिटोरियल आर्मींत, अधिकाऱ्याच्या जागेसाठीं अर्ज करूं म्हणतो. मुलाचे वडील खड्या फौजेंतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांचें म्हणणें असें कीं, शिपाई व्हावयाचें तर पुरतें व्हावें; वर्षांतून दोन महिने वर्दी चढविण्यांत काय अर्थ? मालकांची तक्रार नेमकी उलट आहे. दोन महिने ते कसेबसे निभावून नेतील. पण उद्यां लढाईचा प्रसंग येऊन मुलगा दोन वर्षें परतलाच नाहीं, तर वह्या कोणीं लिहाव्या? एकास ही चाकरी फार थोडी वाटते, दुसऱ्यास फार जास्त. दोघांचेंहि बोलणें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं, म्हणून आज हा विषय हातीं घेतला आहे.

वडिलांच्या तिरस्कारास इतिहासाचा पाठिंबा मिळणें कठीण. शिवाजीमहाराजांचें लष्कर पावसाळ्यांत छावणीस येई आणि दसऱ्यास पुन्हा मुलूखगिरीस निघे. त्यांतले कित्येक मावळे घरीं नांगर धरणारेच होते. त्यांस अर्धे शिपाई म्हणण्याची छाती कोणास होईल? तथापि दुसरी बाजूहि लपवितां येत नाहीं. बारमाही कवायत केलेल्या पलटणींपुढें हंगामी फौज अपुरी पडते हें महादजी शिंद्यांनीं ओळखलें, आणि १७८४ पासून द बॉयनकडून कवायती कंपू उभे करविले. शौर्य दोहोंकडे सारखेंच होतें, फरक होता तो सरावाचा.

अर्धवेळ शिपाईगिरीस जो हलकेपणाचा वास येतो तो इंग्रजी अमलांतला आहे. १९२० सालीं सरकारनें एकाच वर्षांत दोन कायदे केले. युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांकरितां ऑक्झिलियरी फोर्स, आणि हिंदी लोकांकरितां टेरिटोरियल फोर्स. देशरक्षणाच्या कामांतहि पंक्तिप्रपंच! स्वतंत्र हिंदुस्थानानें १९४८ च्या कायद्यानें नवी प्रादेशिक सेना उभी केली, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं तिचें उद्घाटन केलें. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या कामावर होत्या. तेव्हां मिरवण्याची वर्दी हा शब्द सुभेदारसाहेबांनीं मागें घ्यावा हें बरें.

मात्र त्यांच्या बोलण्यांत एक गोष्ट खरी आहे. दोन महिन्यांच्या शिक्षणानें बारा महिन्यांचा सैनिक तयार होत नाहीं, आणि तसा तो व्हावा अशी कायद्याचीहि अपेक्षा नाहीं. ठाणीं, पूल, रसदेचे मार्ग यांचा पहारा आपल्याकडे घेऊन खड्या फौजेस आघाडीसाठीं मोकळें करावें, हें या सेनेचें मुख्य काम. म्हणूनच ती उपजीविकेचें साधन नव्हे, ज्यास आधींच कांहीं धंदा वा नोकरी आहे त्यानेंच यावें, असें तिच्या नियमांत स्पष्ट सांगितलें आहे. वस्तुस्थिति काय आहे? शिपाईभरतीच्या मेळाव्यांस बेकार तरुणांची झुंबड उडते. २०२२ च्या अग्निपथ योजनेनें साध्या शिपायाची नेमणूक चार वर्षांची झाली, आणि त्यांतून फार तर चौथा हिस्सा पुढें कायम राहावयाचा. मग मुलें मिळेल त्या दारावर धडकतात यांत नवल तें काय? पण या दारापलीकडे पेन्शन आहे ती प्रत्यक्ष कामावर बोलावलेल्या काळावर मोजलेली: शिपायास अशीं पंधरा वर्षें भरावीं लागतात, अधिकाऱ्यास वीस. पोटासाठीं येथें येणारा फसतो. आणि सरकारनें पायदळाच्या अशा पलटणी वर्षानुवर्षें कामावर ठेवून अर्धवेळ नांवाखालीं पूर्णवेळ शिपाई वापरावा, हेंहि आम्हांस प्रशस्त दिसत नाहीं.

आतां मालकांच्या भीतीकडे वळूं. ती काल्पनिक नाहीं. मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें या सेनेंतील अधिकारी व शिपाई यांस बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांस दिला, आणि ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ कामावर घेण्याची तरतूद केली. हिशेबनीस उद्यां जाऊं शकतो हें खरेंच. अशा वेळीं कायदा काय सांगतो हें आमच्या व्यापारी वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. १९४८ च्या कायद्यास पुढें जोडलेल्या ७-अ कलमान्वयें मालकानें अशा नोकरास रजा दिली पाहिजे, आणि परत आल्यावर पूर्वींहून कमी नाहीं अशा जागीं व शर्तींवर घेतलें पाहिजे. नोकरानेंहि सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आंत अर्ज करावा. बोलावणें येणार असें दिसतांच कोणी त्यास आधींच काढून टाकील, तर तीहि युक्ति चालत नाहीं. खरोखरच अडचण असेल तर मालकानें ती नेमलेल्या अधिकाऱ्यापुढें मांडावी. तो मालकास मोकळें करील, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई देववील. हुकूम मोडल्यास दंड आहे तो हजार रुपयांपर्यंतचा. मोठ्या कंपनीस हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च! भरपाई धरूनहि तिला तें जड नाहीं. जड जातें तें एकाच कारकुनावर चालणाऱ्या पेढीस. आमचें मत असें कीं, मोठ्यांचा दंड जबर वाढवावा, आणि लहान दुकानदारास बदली माणूस ठेवण्याच्या खर्चाचा कांहीं भाग सरकारनें द्यावा. देशाच्या रक्षणाचा बोजा एकट्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यावर कां पडावा?

मुलास आम्हीं इतकेंच विचारलें कीं, शिपाईगिरी हाच पेशा करावयाचा आहे काय? तसें असेल तर वय आहे तोंवर वडिलांची वाट धरावी, ही नव्हे. तो म्हणाला, हिशेबाचें काम त्यास आवडतें, पण लढाईच्या दिवशीं नुसता वर्तमानपत्र वाचीत बसण्याची त्याची तयारी नाहीं. मालकांस आम्हीं कलम वाचून दाखविलें. त्यांनीं तें दोनदां ऐकलें, आणि शेवटीं विचारलें कीं, दोन महिन्यांचें शिक्षण दिवाळीच्या हंगामांत येणार नाहीं ना? तें पलटणीच्या अधिकाऱ्यांस विचारून सांगतों, असें मुलानें कबूल केलें आहे.