पॅडचे यंत्र, देशी कापूस आणि बचत गटाचा हिशेब

कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम यांची कथा आता बहुतेकांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी मासिक पाळीत जुन्या चिंध्या लपवून वापरते हे त्यांच्या ध्यानात आले आणि स्वस्त सॅनिटरी पॅड तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यापायी गावाने त्यांना वाळीत टाकले, पत्नी माहेरी गेली, तरीही ते थांबले नाहीत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपटही आला. चित्रपटात साहजिकच नायकाची जिद्द पुढे राहते. शेतीसंशोधनाशी संबंधित माणसाने मात्र या कथेतील एका वेगळ्याच प्रसंगापाशी थांबावयास हवे.

मुरुगानंतम यांनी पहिले पॅड कापसाचे केले आणि ते फसले. बाजारातील पॅडमध्ये नेमके काय असते याचा उलगडा होण्यास त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तो पदार्थ कापूस नव्हता. पाइन वृक्षाच्या लाकडापासून काढलेला सेल्युलोजचा लगदा होता. ज्या शहराला दक्षिण भारताचे मँचेस्टर म्हणतात, जेथे सूतगिरण्यांवर कित्येक पिढ्या जगल्या, त्या शहरातील कारागिराला भारतीय स्त्रीच्या गरजेची वस्तू घडविण्यासाठी परदेशी लाकडाकडे पाहावे लागले. कापूस पिकविणाऱ्या आणि त्यावर संशोधन करणाऱ्या देशाला ही गोष्ट अधिक लागावयास हवी होती.

त्यांच्या यंत्राचे मोठेपण निर्विवाद आहे. लगदा पिंजणे, तो साच्यात दाबणे, आवरण चिकटविणे आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करणे, अशा चार टप्प्यांत सारे काम होते. कोट्यवधींच्या परदेशी यंत्रसामग्रीच्या जागी लाखाच्या आतले यंत्र त्यांनी उभे केले. ते मोठ्या कंपनीला विकून मोकळे होण्याऐवजी महिला बचत गटांच्या हाती दिले. सामाजिक उद्योजकता हा शब्द आज सैलपणे वापरला जातो, परंतु येथे तो शोभतो: गावातील स्त्रीच ती वस्तू बनवील, शेजारणीला विकील, आणि विकताना जे आजवर कुजबुजीतही बोलले जात नव्हते ते बोलेल. त्यातील बोलण्याचा भाग मला यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेले पाकीट आणि ओळखीच्या बाईने ओसरीवर बसून समजावून दिलेले पाकीट, यांत फार अंतर आहे.

पण हिशेब मांडून पाहावा. २०१४ च्या सुमारास या यंत्राविषयी जे आकडे दिले जात, त्यांनुसार एका यंत्रावर दिवसाला २०० ते २५० पॅड तयार होत, एक पॅड सरासरी अडीच रुपयांना विकला जाई आणि दहा स्त्रियांना काम मिळे. म्हणजे सर्व माल खपला तर दिवसाची विक्री ५०० ते सव्वासहाशे रुपये. दहा जणींत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला ५० ते ६२ रुपये, आणि तेही लगदा, आवरण, डिंक, वीज व वाहतूक यांचा खर्च वजा करण्यापूर्वी. शेतमजुरीचा दर यापेक्षा अधिक होता. अशा स्थितीत खुरपणीचे किंवा वेचणीचे दिवस आले की गटातील स्त्रिया यंत्र सोडून शेतावर गेल्या, तर त्यात त्यांची चिकाटी कमी पडली असे म्हणता येणार नाही. त्यांना हिशेब कळत होता, इतकेच. तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर मांडावयास हवा, तो सहसा मांडला जात नाही.

त्यानंतर भाव खाली आला. जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅड जून २०१८ मध्ये अडीच रुपयांना आला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये एक रुपयाला मिळू लागला. महाराष्ट्रात २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांना देण्याचे ठरले. त्यात बचत गटांच्या वाट्याला प्रामुख्याने विक्रीचे काम आले. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, त्याचे स्वागतही झाले; मात्र करमुक्त मालावर कच्च्या मालाच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे लहान उत्पादकाचा खर्च त्या प्रमाणात घटला नाही. पॅड घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने एक रुपया हाच योग्य भाव आहे आणि तो वाढवावा असे कोणी सुचवू नये. प्रश्न इतकाच की, सार्वजनिक पैशाने एका हाताने गटाला यंत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच गावात त्याच्याहून स्वस्त माल आणायचा, याला धोरण म्हणावे काय?

कच्च्या मालाकडे वळू, कारण तेथे आपल्या संशोधन व्यवस्थेला प्रत्यक्ष काही करता येण्यासारखे आहे. कच्चा कापूस पाणी शोषत नाही, कारण त्याच्या तंतूवर मेणाचा थर असतो. क्षारात उकळून तो काढला आणि कापूस विरंजित केला की तोच तंतू पाणी झपाट्याने ओढून घेतो. शस्त्रक्रियेचा कापूस असाच तयार होतो. आखूड व जाड धाग्याचा देशी कापूस, जो सूतगिरणीला नकोसा असतो, तो या कामी उत्तम. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी केंद्रीय संस्था आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात, म्हणजे कापसाच्या मुलखातच आहे. कोरडवाहू शेतातला देशी कापूस आणि बचत गटाचे यंत्र यांच्यामधील अंतर ज्ञानाचे राहिलेले नाही. उकळण्याची व विरंजनाची लहान, सांडपाण्याची सोय असलेली सामाईक सुविधा तालुका पातळीवर कोणी उभारायची, एवढाच प्रश्न आहे.

केळीच्या खोडाचेही तसेच. घड उतरविला की ते खोड बांधावर टाकले जाते. नवसारी कृषी विद्यापीठाने आणि तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने त्याच्या तंतूवर पुष्कळ काम केले आहे. अहमदाबादच्या ‘साथी’ या कंपनीने केळीच्या तंतूचे पॅड बाजारात आणून दाखविले. परंतु हा तंतू मुळात ताठर असतो, लिग्निन काढल्याखेरीज तो मऊ व शोषक होत नाही, आणि ती प्रक्रिया गटाच्या खोलीत करण्याजोगी नाही. म्हणून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या घोषणेवर मी फार विसंबणार नाही. गटाने पॅड बनवावा. तंतू प्रक्रिया होऊन, तपासून त्याच्यापर्यंत यावा.

यात जुन्या कापडाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के स्त्रियांनी पॅड वापरत असल्याचे सांगितले आणि ५० टक्के स्त्रियांनी कापड. अर्थात अनेक जणी दोन्ही वापरतात. स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळविलेले सुती कापड सुरक्षित आहे. अडचण पाण्याची, आडोशाची आणि उन्हात वाळत घालण्याच्या संकोचाची आहे. ‘गूंज’ संस्थेने वापरलेल्या कपड्यांपासून पाळीचे कापडी पॅड बनवून देण्याचा उपक्रम चालविला, तो याच समजुतीतून. शिवाय कापड शेतात साचून राहत नाही. प्लॅस्टिकचा थर असलेला पॅड विहिरीच्या काठी, बांधावर, उकिरड्यात जातो आणि शेणखताबरोबर पुन्हा शेतात येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत विल्हेवाटीचे वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. गावात त्या वेष्टनाचे पुढे काय करायचे हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

आणि काही ठिकाणी पॅड हे उत्तरच नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या २०१९ मधील शासकीय पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, कामावर खाडा झाला तर दंड, फडात ना न्हाणीघर ना शौचालय, डोक्यावर मोळी. पाळीचे चार दिवस हा ज्या व्यवस्थेत तोट्याचा आकडा ठरतो, तेथे स्वस्त पॅडचे पाकीट हाती देऊन उद्योजकतेचा गौरव करणे हा क्रूर विनोद होईल. तेथे आधी मुकादमाच्या करारातून दंड जावा आणि कारखान्याने तळावर पाण्याची, शौचालयाची व्यवस्था करावी. बचत गटाचा माल त्यानंतर. ऊस हे आपलेच पीक आहे. त्याच्या वाणांचे उतारे आपण जितक्या बारकाईने नोंदवितो, तितक्या बारकाईने तो तोडणाऱ्या स्त्रीच्या प्रकृतीची नोंद आपल्या कोणत्या अहवालात असते?

गटांना टिकवायचे असेल तर तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. शाळा, वसतिगृहे व आरोग्य केंद्रे यांच्यासाठी होणाऱ्या खरेदीचा ठरावीक हिस्सा स्थानिक गटांकडून, उत्पादनखर्चावर आधारित भावाने घ्यावा. मुलीला माल मोफत वा एक रुपयाला द्यावा आणि फरक शासनाने सोसावा. आयएस ५४०५ या मानकानुसार तपासणी करून घेणे एकेका गटाला परवडत नाही, तिची सोय कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी करावी. तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. आपल्या वार्षिक अहवालांत प्रशिक्षित महिलांची संख्या आणि हस्तांतरित तंत्रज्ञानाची संख्या ठळकपणे येते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असावा: तीन वर्षांपूर्वी दिलेल्या यंत्रांपैकी आज किती सुरू आहेत आणि त्यावर बसणाऱ्या स्त्रीला गेल्या महिन्यात किती रुपये मिळाले.