ईटीपीला सुट्टी नसते

सिल्व्हासाची कारखानदारी म्हटली की पॉलिएस्टर धागा आठवतो. या धाग्याचे कापड जिथे रंगते, तिथल्या सांडपाण्यात दोन सेंद्रिय आम्ले असतात. रंगाच्या पाण्याचा सामू पाचच्या आसपास राहावा म्हणून ॲसेटिक आम्ल घालतात; आणि मऊपणासाठी कापड गरम कॉस्टिकमधून काढले, की धाग्याचा वरचा थर सुटून टेरेफ्थॅलिक आम्ल टेरेफ्थॅलेटच्या रूपात पाण्यात उतरते. आपल्याला ही घाण वाटते, पण काही जिवाणूंचे ते अन्न आहे. प्रश्न ते पेशीत शिरण्याचा. सामू फार उतरला तर ॲसेटिक आम्ल आवरणातून आपोआप आत झिरपते आणि पेशीलाच आंबवते. सामू सातजवळ असला तर ते ऋणभारित ॲसेटेटच्या रूपात असते. मग मुख्यतः आवरणातली वाहक प्रथिनेच त्याला आत घेतात. दोन ऋणभारांचे टेरेफ्थॅलेट तर वाहकाशिवाय आत जातच नाही. आत गेल्यावर एन्झाइमे त्याचे कार्बनचे कडे फोडतात आणि तुकडे क्रेब्ज चक्रात जातात. ही सामग्री मोजक्याच जिवाणूंकडे असते, आणि तेही ती सहसा गरज पडल्यावरच बनवतात. त्यातून ॲसेटिकसारखे सोपे अन्न भरपूर असले, तर अवघड अन्न मागे राहू शकते.

म्हणूनच ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे, खरे भांडवल म्हणजे त्या पाण्याला सरावलेला जिवाणूंचा गाळ. सुट्टीत जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी कॉस्टिकचे पाणी एकदम सोडले, तर महिन्यांची मेहनत वाया जाते. यावर पुडीतले कल्चर टाकू, असे कोणी म्हणेल. सुरुवातीला ते उपयोगी पडेलही, पण सामू आणि भार रोज हेलकावत असतील तर नवे जिवाणूही टिकणार नाहीत. आम्ल घालून टेरेफ्थॅलिक आम्ल पांढऱ्या साक्याच्या रूपात वेगळे काढता येते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते जरूर काढावे. पण ॲसेटेट पाण्यातच राहते आणि क्षारही वाढतात. पुढे आरओ (उलट परासरण) आहेच म्हणावे, तर सेंद्रिय भार न उतरलेल्या पाण्याने त्याचे पडदे तुंबतात.

नाशिकच्या सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा सिल्व्हासावरून दमणला समुद्राला मिळते. इथे चुकलेल्या पाण्याची झळ खालच्या गावांना बसते. प्रशासनाने तपासणीच्या दिवशी भरलेल्या एका बाटलीवर समाधान मानू नये. समतोल टाकीतला सामू, एरेशन टाकीतला विरघळलेला प्राणवायू आणि सुट्टीतल्या ब्लोअरच्या नोंदी महिन्याभराच्या मागाव्यात, आणि त्या लोकांना पाहायला खुल्या ठेवाव्यात.