महागड्या मोटारीची काच आणि आपला कारागीर

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या भोवतालच्या रस्त्यांवर मोटारीच्या पुढच्या काचेला धोका वाढतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खडीचे डंपर, महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे या सर्वांतून उडालेला सुपारीएवढा दगड पुरेसा होतो. शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीवर तो आदळला की काचेवर कोळ्याचे जाळे उमटते आणि मालकाच्या कपाळावर आठ्या. गाडी साधी असेल तर प्रश्न चार-दोन हजारांचा असतो. पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखानदारांकडे आता जर्मन बनावटीच्या, ताशी अडीचशे किलोमीटर धावण्याची ताकद असलेल्या मोटारी आलेल्या आहेत. त्यांच्या एका काचेचा खर्च कधी कधी लाखाच्या घरात जातो.

अशीच एक गाडी आमच्या परिचयातील एका उस्तादांकडे आली होती. उद्यमनगरच्या परिसरात तीस वर्षे काचा बसवणारा हा माणूस. ट्रक, टेम्पो, एस. टी., जीप, सर्व काही त्याच्या हाताखालून गेलेले. मालक म्हणाला, "उस्ताद, कंपनीत गेलो तर आठ दिवस जातील. तुम्ही बसवून द्या." उस्तादांनी "साहेब, उद्या सकाळी या" असे सांगितले. बाजारातून मापाची काच मागवली आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते सिलिकॉन लावून बसवली. काच बसली, दिसायलाही सुरेख. महिन्याभरात पावसाचे पाणी आत झिरपू लागले. कोरड्या उन्हात वायपर आपोआप फिरू लागला आणि डॅशबोर्डवर कॅमेऱ्याचा पिवळा दिवा कायमचा पेटला. मालकाने गाडी पुण्याला नेली, काम नव्याने करून घेतले आणि उस्तादांनी आपले पैसे परत दिले. पैसे गेल्याचे दुःख त्यांना नव्हते. तीस वर्षांत कोणी त्यांच्या कामाकडे बोट दाखवले नव्हते, त्याचे दुःख होते.

या उस्तादांनी बेईमानी केली नाही. त्यांना जसे शिकवले गेले तसे त्यांनी काम केले. चूक एवढीच की काच बदलली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

जुन्या गाडीत काच रबराच्या बीडिंगमध्ये असे. रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच चौकटीवर टेकवायची, एकाने बाहेरून दाबायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. रबराची ओठी आपोआप पत्र्यावर चढत जाई. हा हुन्नर आपल्या कारागिरांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ट्रक-बसच्या कामात आजही त्यावर घरे चालतात. नव्या मोटारीत मात्र काच गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. ती युरेथेन नावाच्या चिकट द्रव्याने पत्र्याशी जोडलेली असते. गाडी उलटली तर छप्पर तोलून धरण्यात तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना वर जाते, काचेला टेकते आणि मग प्रवाशाकडे वळते. काच कच्ची बसलेली असेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलून देते आणि माणसाला आधार उरत नाही. सिलिकॉन खिडकीच्या फटी बुजवण्याची वस्तू आहे, तिच्यात हा भार पेलण्याची ताकद नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणते. म्हणजे हे काम बिघडले तर पाणीच गळेल असे नाही, जीवही जाऊ शकतो. आमच्या कारागीर बांधवांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

काचेचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेडिक्टस नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून एक काचेची कुपी पडली. ती तडकली, पण तिचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सुकलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिला होता. त्यावरूनच दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा घालण्याची कल्पना निघाली आणि १९०९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. आज आपण जिला लॅमिनेटेड म्हणतो ती हीच. आतला पापुद्रा पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. टफन्ड काच वेगळी. ती तापवून एकदम थंड केलेली असते आणि फुटली की तिचा भुगा होतो. जुन्या गाड्यांत पुढेही टफन्ड काच असे आणि दगड लागताच समोर पांढरे धुके पसरून रस्ताच दिसेनासा होई. जुन्या ड्रायव्हरांनी अशा वेळी मुठीने भोक पाडून गाडी थांबवल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमाने आता पुढची काच लॅमिनेटेडच लागते, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काचेच्या कोपऱ्यावरची खूण वाचण्याची सवय प्रत्येक दुकानदाराने लावून घ्यावी. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक नसलेली काच स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

आता महागड्या गाडीची गोष्ट. तिच्या काचेत कारागिराला फसवणारी पुष्कळ गुपिते असतात. आवाज अडवणारा खास पापुद्रा एखादीत असतो. आरशामागे पाऊस ओळखणारा सेन्सर असतो, तो काचेला पारदर्शक जेलीच्या चकतीने चिकटवलेला. ती चकती हवा राहून बसली की वायपर वेड्यासारखा फिरतो (आमच्या उस्तादांच्या बाबतीत नेमके हेच झाले). काही गाड्यांत वेगाचे आकडे काचेवर उमटतात. अशा काचेचा पापुद्रा वरून खाली किंचित निमुळता, पाचरीसारखा असतो. तिथे साधी काच बसवली तर आकडे दुहेरी दिसतात, एक खरा आणि एक भुतासारखा. आणि सर्वांत अवघड म्हणजे कॅमेरा. समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहते. काच बदलल्यावर कॅमेऱ्याची नजर किंचितही सरकली तर पुढचे अंतर चुकते. म्हणून त्याला पुन्हा नेमके जुळवावे लागते, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यासाठी ठराविक अंतरावर ठेवायचा तक्ता लागतो किंवा संगणक जोडून गाडी ठराविक वेगाने चालवावी लागते. म्हणून गाडीचा चासिस नंबर देऊन काच मागवावी, "अमुक मॉडेलची द्या" एवढ्यावर भागत नाही.

हे वाचून एखादा म्हणेल, मग हे काम कंपनीच्या माणसांनाच करू द्या. आम्हाला हे मान्य नाही. यातला मोठा हिस्सा हाताचाच आहे. जुनी काच तारेने किंवा खास सुरीने कापून काढणे, जुन्या युरेथेनचा एक-दोन मिलिमीटरचा थर पत्र्यावर ठेवून बाकीचा तासणे, पत्र्याला ओरखडा गेला तर तिथे प्राइमर लावणे, काचेच्या काळ्या पट्टीवर हात न लावता ती पुसणे, त्रिकोणी तोंडाच्या नळीने एका दमात अखंड वळी ओढणे आणि सक्शनच्या मुठींनी काच पहिल्याच खेपेला जागेवर टेकवणे. ज्याने दोरी ओढून हजार काचा बसवल्या, त्याच्या हाताला हे महिन्या-दोन महिन्यांत येईल. न येणारी गोष्ट एकच, धीर. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते. डब्यावर जो वेळ लिहिला असेल, मग तो एक तास असो की आठ तास, तोवर गाडी हलवायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा मदतच करतो, पण जोडाच्या जागी थेंब पडला तर काम वाया जाते, म्हणून छप्पर हवेच. हातमोजेही हवेत, कारण या द्रव्याची वाफ आणि स्पर्श दोन्ही बाधतात. आमचे लोक येथे फार निष्काळजी असतात, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

कॅलिब्रेशनचे यंत्र एका दुकानाला परवडणारे नाही. पण पाच-सहा दुकानांनी मिळून ते घ्यायला काय हरकत आहे? आपल्याकडे लग्नकार्याला चुलतभाऊ एकत्र येतात, धंद्याला मात्र प्रत्येकजण स्वतंत्र गाळा मांडतो. ते जमेपर्यंत काच आपण बसवावी आणि कॅमेरा जुळवण्यासाठी गाडी कंपनीकडे पाठवावी, आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. यात कमीपणा नाही. डॉक्टरही क्ष-किरणासाठी दुसरीकडे पाठवतात.

कंपन्यांच्या वागण्याबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, असा ठपका होता. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज या कंपन्याही त्या यादीत होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. तरीही उद्यमनगरातल्या गाळ्यात बसलेल्या माणसापर्यंत यातले फारसे काही पोचलेले नाही. सरकारची २०२३ ची विश्वकर्मा योजना अठरा कारागिरींना हात देते. त्यांत लोहार, कुलूप दुरुस्त करणारा, टोपल्या विणणारा सर्व आहेत आणि असावेतच. पण मोटार मेकॅनिक किंवा काच बसवणारा नाही. चाकावर चालणाऱ्या या देशात ही गोष्ट आम्हाला विचित्र वाटते.

व्यापारी वाचकांसाठी एक हिशेब. मोटार विम्यात प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, काचेवर मात्र घसारा शून्य धरला जातो. म्हणजे काचेची किंमत मिळते, बीडिंगची निम्मीच मिळते, आणि चिकट द्रव्यासारख्या खपणाऱ्या वस्तूंसाठी वेगळे कलम घेतलेले असावे लागते. दावा केला की 'नो क्लेम बोनस'वर पाणी पडू शकते, तेव्हा पॉलिसी आधी वाचावी. पण विमा असताना "बिल नको, दोन हजार कमी करा" म्हणणारे आपल्यातलेच बागायतदार आणि कारखानदार आम्ही पाहिले आहेत. दहा-बारा हजार वाचवण्यासाठी साठ लाखांच्या गाडीत अनोळखी काच लावून घ्यायची, आणि मग कारागिराला शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय?

ज्याच्याकडे भांडवल नाही त्याने लहान कामापासून सुरुवात करावी. रुपयाच्या नाण्याएवढा टवका असेल, तो काचेच्या कडेला किंवा चालकाच्या नजरेच्या थेट समोर नसेल, तर काच बदलावी लागत नाही. छोट्या पंपाने टवक्यातली हवा काढून त्यात रेझिन भरायचे आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करायचे. खुणेचा ठिपका राहतो, पण तडा पुढे पळत नाही. अर्ध्या तासाचे काम, थोडक्या सामानात होणारे. हंगामात महामार्गालगत बसलेल्या माणसाला याची चांगली कमाई होईल, असा आमचा अंदाज आहे.

आणि आपले जुने कसबही टाकाऊ समजू नये. दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार नवीन राजवाड्यातून दसरा चौकात येते, तेव्हा सारे कोल्हापूर ती पाहायला उभे असते. त्याच चौकात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेले मुस्लिम बोर्डिंग उभे आहे, आणि कित्येक कारागीर घराण्यांतली मुले तिथे शिकून गेली. त्या काळातल्या बहुतेक मोटारींच्या काचा सपाट असत. अशा हौशी मंडळींच्या जुन्या गाड्यांना कुठल्याही कंपनीच्या गोदामात काच मिळत नाही. ती बनवावी लागते. सपाट लॅमिनेटेड काचेवर दोन्ही बाजूंनी हिऱ्याची रेघ मारायची, दोन्ही अंगांनी हलका दाब देऊन तोडायची, रेघेवर थोडे स्पिरिट पेटवून आतला पापुद्रा मऊ करायचा आणि पातळ पात्याने कापायचा. टफन्ड काच अशी कापता येत नाही, कापू जाल तर भुगा हातात येईल. हे काम जाणणारी माणसे थोडी उरली आहेत आणि जी आहेत त्यांची मुले मोबाइल दुरुस्तीकडे वळली आहेत. शासकीय आयटीआयने अशा दोन-तीन उस्तादांना पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावे, आणि त्याच वर्गात युरेथेनची बंदूक नव्या पोरांच्या हाती द्यावी, अशी आमची सूचना आहे.

आमचे ते उस्ताद आता पुन्हा कामाला लागले आहेत. भाच्याला घेऊन ते पुण्याला पंधरा दिवस एका ओळखीच्या दुकानात उभे राहून आले. त्यांनी बिलाचे नवे पुस्तक छापून घेतले आहे. त्यात काचेवरचा नंबर, युरेथेनच्या नळीवरची मुदत, काम संपल्याची वेळ आणि गाडी कधी बाहेर काढायची ती वेळ, असे चार रकाने आहेत. खाली गिऱ्हाइकाच्या सहीची जागा आहे. परवा एकाने सही करायला नकार दिला, त्याची गाडी उस्तादांनी हात न लावता परत पाठवली.