छायाचित्र मिळालें, शिकार चुकली

गेल्या श्रावणांत आम्ही पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या मसाई मारा अभयारण्यांत ५ दिवस काढून आलों. अशा भ्रमंतीस 'सफारी' म्हणतात. हा शब्द स्वाहिली भाषेंतील असून त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा आहे. आपल्या नित्य परिचयाचा 'सफर' हा शब्द व हा, दोन्ही एकाच अरबी मुळांतून आलेले. पूर्वीं ही सफर बहुधा बंदुकीची असे. १९७७ सालीं केनियानें शिकारीस बंदी घातली आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली. हा पालट इष्टच झाला, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु कॅमेराही सर्वस्वीं निरुपद्रवी नसतो, हा धडा आम्हांस तेथें एका सकाळीं मिळाला.

सिंह दिवसाचा बराच काळ झोंपेंत घालवितो. त्याचें चित्र घेण्यास फारसें कौशल्य लागत नाहीं. बिबळ्या पानांआड दडलेला असतो. चित्ता मात्र मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणून प्रवाशांचा तो विशेष आवडता. ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेगानें तो धांवतो खरा, पण थोडक्याच अंतरांत त्याचा दम सरतो. यामुळें सावजाच्या अगदीं जवळ चोरपावलांनीं पोंचल्यावांचून त्याचें कांहीं चालत नाहीं. आणि मिळविलेली शिकार तरस किंवा सिंह हिसकावून नेतात, तें निराळेंच.

त्या सकाळीं चित्त्याची एक मादी गवतांतून एका हरिणाकडे हळूहळू सरकत होती. तिचीं दोन पिल्लें मागें निश्चल बसलीं होतीं. आमची गाडी दूर होती व चित्र लहान येत होतें. आम्हीं चालकास म्हटलें, "जरा पुढें घ्या." त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें व गाडी पुढें घेतली. आमचें पाहून आणखी सात गाड्या पुढें आल्या. हरिणानें मान वर केली आणि क्षणार्धांत तें दिसेनासें झालें. मादी उठून उभी राहिली व तिनें थेट आमच्याकडे पाहिलें. तेंच आमचें सर्वोत्कृष्ट चित्र होय!

घरीं परतल्यावर सारीं मंडळी माजघरांत जमलीं असतां आम्हीं तें दाखविलें. वडीलधाऱ्यांनीं वाहवा केली. आठ वर्षांच्या पुतणीनें मात्र विचारलें, "काका, मग त्या दिवशीं पिल्लांनीं काय खाल्लें?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

मारा येथेंच झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत त्या उत्तराचा अंश सांपडतो. जेथें प्रवाशांची वर्दळ फार, तेथें चित्त्याच्या एका वेतांतील सरासरी ०.२ पिल्लें वाढून स्वतंत्र झालीं. जेथें ती कमी, तेथें २.३. आपल्या देशांतून चित्ता नामशेष झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें, आणि २०२२ सालीं नामिबियाहून ८ चित्ते कूनोच्या जंगलांत आणावे लागले. ज्या देशानें हा प्राणी एकदां गमावला, तेथील प्रवाशानें तरी चार पावलें मागें राहावें.

वाचकांपैकीं कोणी तिकडे जाणार असल्यास त्यांस एवढीच विनंती: चालकास "पुढें घ्या" म्हणण्यापूर्वीं आमच्या पुतणीचा प्रश्न आठवावा. चित्र लहान आलें तरी चालेल. घरांतील मुलांपुढें तें ठेवतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.