बिल्ला देणारा हात

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या शोमध्ये दाखवल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी मोबाइलवर कारागिरांच्या बाजूने भरभरून लिहिले. चांगलेच केले. पण याच शहरात आपण रोज पायातली चप्पल ज्याच्या हाती देऊन निर्धास्त पुढे जातो, त्याच्याबद्दल कुणी काही लिहिल्याचे मला आठवत नाही.

अंबाबाईच्या देवळाबाहेरचे चप्पल स्टँड, उरुसात दर्ग्याच्या दाराशी बसलेली मावशी, मॉलच्या तोंडाला असलेला बॅग काउंटर, परीक्षा केंद्राबाहेर पोरांचे मोबाइल ठेवून घेणारी टपरी. काम सगळीकडे एकच. वस्तू ठेवून घ्यायची, बिल्ला द्यायचा आणि तीच वस्तू त्याच माणसाला परत द्यायची.

या कामात अक्कल लागत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी नवरात्रात किंवा किरणोत्सवाच्या दिवसांत एखाद्या स्टँडवर तासभर उभे राहून बघावे. मी राहिलो आहे. एका घरातल्या सहा माणसांच्या चपला एका पिशवीत जातात. दीडशे रुपयांच्या स्लीपरशेजारी पाच हजारांचा बूट येतो. पावसाळ्यात सगळ्यावर चिखल असतो. गर्दी एकदम येते आणि एकदमच परत फिरते, आणि प्रत्येकाला एसटी गाठायची असते. खरी कसोटी बिल्ला हरवल्यावर लागते. समोरच्याला चोर ठरवायचे नाही आणि दुसऱ्याची चप्पलही त्याला द्यायची नाही. एका वयस्कर चाचांनी मला सांगितले, "रंग कुणीबी सांगतंय ओ. अंगठा कुठं झिजलाय ते इचारायचं. ज्याची हाय त्यालाच ते ठावं असतंय."

आता पैशाचे बघू. दुकानात किंवा मॉलमध्ये हे काम करणारी बहुतेक मुले कंत्राटदाराची असतात. काउंटरवर 'सामान हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही' अशी पाटी असते, आणि सामान हरवलेच तर महिनाअखेरीला रक्कम त्या मुलाच्या पगारातून जाते. म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही असे नाही. ती सर्वांत कमी पगाराच्या माणसाची आहे. कायदा असे म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले १५१ वे कलम सांगते, की दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यातून १९९८ मध्ये पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'जोखीम मालकाची' असे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर तेवढ्या छापील ओळीने हॉटेल सुटत नाही.

पगारकपातीचेही तसेच. २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे, सांभाळायला दिलेली वस्तू हरवली म्हणून पैसे कापायचे तर नुकसान थेट त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असावे लागते, कपात नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही, आणि आधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही ही तरतूद होती. तुमच्यापैकी जे कुणी काउंटरवर उभे असतात त्यांनी एवढे पाठ करून ठेवा. बाजू मांडायची ती तोंडी नको, लेखी मांडा, आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पण पैशापेक्षा मोठी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या तरुणांना जास्त बोचते. आपल्याच एका वाचकाला एका मोठ्या दुकानात बॅग काउंटरवर घेतले होते. चार दिवसांनी गोदामात पाठवले. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, "छातीवर नावाची पट्टी असते ना, गिऱ्हाइकं जरा बिचकतात." ७ जून २०२३ ला कोल्हापुरात जे झाले, त्यानंतर असे बोलणे अनेकांच्या कानांवर आले असेल. कुणाकडून काय विकत घ्यायचे नाही याची आवाहने फिरत असतात. पण वस्तू सांभाळायला देणे हे विकत घेण्यापेक्षा अवघड असते. विकत घेताना आपण वस्तू तपासतो. ठेवायला देताना माणसावर भरवसा टाकतो. म्हणूनच त्या मुलाला काउंटरवरून हलवणे मला साधी बदली वाटत नाही. गोदामात कामाचे तास तेवढेच आणि पगारही तोच, असे व्यवस्थापकाने त्याला समजावले म्हणे.

आपल्याकडे या कामासाठी फार जुना शब्द आहे, अमानत. हजरत मुहम्मद (स.) यांना मक्केत 'अल अमीन' म्हणत. इ.स. ६२२ च्या हिजरतीच्या वेळी लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या वस्तू परत करण्यासाठी हजरत अली मागे थांबले, असे चरित्रकार सांगतात. ज्या शहराने छळले त्याच शहरातल्या लोकांच्या त्या ठेवी होत्या. हा प्रसंग आपण जलशांत, बयानांत ऐकत आलो. मग घरात लग्नाची बोलणी चालू झाली की "मुलगा मॉलमध्ये असतो" एवढेच सांगून पुढचे का गिळतो? दुसऱ्याच्या पायातले हातात घ्यावे लागते म्हणूनच ना? आपल्यात जातपात नाही असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी याच शहरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेतला. १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षणाची संस्था उभी राहिली ती त्याच महाराजांच्या पुढाकाराने. बोर्डिंगचा अभिमान बाळगायचा आणि हौदाची गोष्ट विसरायची, हे जमणार नाही.

दुकानदाराला जाब विचारायला मीही तुमच्याबरोबर येईन. पण आधी आपल्या अंगणात बघू या. शादी हॉलच्या दारात चप्पल सांभाळणारी बाई बहुतेक वेळा विधवा किंवा एकटी असते. तिला ठरलेला पगार नसतो. पाहुण्यांनी टाकलेली चिल्लर हीच कमाई. बसायला खुर्ची नसते, स्वच्छतागृह वापरायचे तर हॉलच्या माणसाची परवानगी लागते, आणि जेवण मिळते ते पंगती उठल्यावर. कुणाचा बूट गेला तर सगळ्यात आधी तिचीच पिशवी उघडून बघतात. मशिदीत तर जुम्याला चपला चोरीला गेल्याची ओरड नेहमीची, पण त्या सांभाळायला पगारी माणूस ठेवावा असे कुणाला सुचत नाही.

उरुसाच्या, शादी हॉलच्या, जमातीच्या कमिट्यांचे हिशेब वर्षातून एकदा तरी वाचले जातात. तरुणांनी त्या बैठकीला जावे. मंडप, लायटिंग, लाउडस्पीकर, देगी, सगळ्यांची बिले त्यात असतात. दाराशी बसलेल्या मावशीची दिवसाची मजुरी कोणत्या रकान्यात धरली आहे, एवढे उभे राहून विचारा, आणि रकाना नसेल तर त्याच बैठकीत तो घालायला लावा.