विश्लेषण : खाटकाच्या दुकानातून फॉर्म्युला वनपर्यंत… गी लिजिए स्वबळावर मोठे झाले की सरकारी कृपेवर?

फ्रान्समधील मोटार शर्यतींच्या इतिहासात गी लिजिए यांच्याइतके वादग्रस्त नाव क्वचितच सापडेल. चाहत्यांसाठी ते शून्यातून उभे राहिलेले उद्योजक, तर टीकाकारांसाठी राष्ट्राध्यक्षांचे लाडके मित्र. ही दोन्ही वर्णने खरी आहेत. मात्र संघाचे निकाल पाहिले, तर सरकारी कृपेने लिजिए यांचे जितके भले केले, तितकेच नुकसानही केले, असे दिसते.

‘प्रायव्हेटीअर’ कोणाला म्हणत?

आज फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाला स्वतःची कार बांधावी लागते. 1950 आणि 60 च्या दशकांत तसे नव्हते. खिशात पैसे असतील तर कूपर, लोटस किंवा ब्रॅबहॅमकडून कार विकत घ्यायची, दोन मेकॅनिक ठेवायचे आणि थेट शर्यतीत उतरायचे. कंपनीच्या संघाचा पाठिंबा नसलेल्या अशा हौशी चालकाला प्रायव्हेटीअर म्हणत. यांतले बरेच जण वाडवडिलांच्या संपत्तीवर खेळणारे होते.

लिजिए मात्र त्यातले नव्हते. 1930 मध्ये विशी या गावी जन्म, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले आणि पहिली नोकरी खाटकाच्या दुकानात. अंगात ताकद होती, म्हणून रग्बीत त्यांनी फ्रान्सच्या ‘ब’ संघापर्यंत मजल मारली. साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुना बुलडोझर घेतला. युद्धोत्तर फ्रान्समध्ये रस्त्यांची आणि महामार्गांची कामे जोरात होती. एकाचे अनेक बुलडोझर झाले आणि कंत्राटदार लिजिए श्रीमंत झाले.

चालक म्हणून कामगिरी कशी?

बेताचीच. 1966 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या कूपर-मासेराती कारमधून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. त्याच वर्षी न्यूरबर्गरिंगला सरावात अपघात होऊन गुडघ्याचा चुराडा झाला. पुढच्या वर्षी ते तिथेच परतले आणि आठवे आले. पुढच्या दोन कार फॉर्म्युला टू गटातल्या असल्याने गुणांसाठी धरल्या गेल्या नाहीत आणि लिजिए यांना सहाव्या क्रमांकाचा एक गुण मिळाला. 12 शर्यतींच्या कारकीर्दीतील तो एकमेव गुण. जो श्लेसर या मित्राच्या साथीने त्यांनी 1967 मध्ये फोर्ड कारमधून रेंसची 12 तासांची शर्यत जिंकली, ते यश यापेक्षा कितीतरी मोठे होते.

जुलै 1968 मध्ये रुआँ येथील फ्रेंच ग्रां प्रीत श्लेसर होंडाच्या कारमध्ये जळून मरण पावले. ती कार शर्यतीसाठी तयार नाही, असे होंडाचे मुख्य चालक जॉन सर्टीज यांनी आधीच बजावले होते. यानंतर लिजिए यांनी चालक म्हणून थांबायचे ठरवले आणि कार बांधायला घेतल्या. प्रत्येक मॉडेलचे नाव ‘जेएस’ या श्लेसर यांच्या आद्याक्षरांनी सुरू झाले.

मित्तराँ यांच्या मैत्रीचा फायदा झाला का?

कंत्राटदार आणि राजकारणी यांची जवळीक कशी जुळते, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगायला नको. लिजिए आणि समाजवादी नेते फ्रान्स्वा मित्तराँ यांची मैत्री मित्तराँ राष्ट्राध्यक्ष होण्याच्या बरीच आधीची. 1981 मध्ये ते सत्तेवर आले. सरकारी कंपन्यांचे प्रायोजकत्व, रेनोची इंजिने आणि मित्तराँ यांच्याच राजकीय प्रभावक्षेत्रातील मान्यी-कूर या आडगावी नवा कारखाना, असे सगळे जुळून आले. 1991 पासून फ्रेंच ग्रां प्रीही त्याच गावी भरू लागली.

इथे टीकाकारांची एक बाजू सोडून द्यावी लागते. सरकारी तंबाखू कंपनीच्या ‘जितान’ सिगारेटचे प्रायोजकत्व संघाला 1976 मध्येच मिळाले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष उजव्या विचारांचे होते. शिवाय त्या काळात संघ जिंकतही होता. 1977 मध्ये स्वीडनमध्ये जाक लाफित यांनी पहिला विजय मिळवला, 1979 च्या मोसमातील पहिल्या दोन्ही शर्यती लिजिएनेच जिंकल्या आणि 1981 मध्ये लाफित शेवटच्या शर्यतीपर्यंत विश्वविजेतेपदाच्या लढतीत होते.

त्यानंतर मात्र उतरण लागली. 1983, 1988, 1990 आणि 1991 या मोसमांत एकही गुण नाही. सगळ्यात बोलका आकडा 1992 चा आहे. विल्यम्स आणि लिजिए या दोन्ही संघांकडे रेनोची इंजिने होती. विल्यम्सने 164 गुण मिळवले, लिजिएने सहा. इंजिन दिल्लीतून, नव्हे पॅरिसमधून मिळवता येते. चांगली चेसी आणि चांगले अभियंते तसे मिळत नाहीत. बिले भरणारे सरकारी प्रायोजक बांधलेले असले, की हरल्याची किंमत मोजावी लागत नाही. स्वतःचा बुलडोझर बंद पडला तर संध्याकाळची चूल पेटणार नाही, अशा परिस्थितीत वाढलेल्या माणसाला हे कळले नसेल, असे मानणे कठीण आहे.

संघ विकल्यावर काय केले?

लिजिए यांनी 1992 मध्ये संघ विकला. वेळ अचूक होती, कारण 1993 च्या मार्चमध्ये समाजवाद्यांचा संसदीय निवडणुकीत दारुण पराभव झाला. 1981 नंतरचा संघाचा पहिला विजय थेट 1996 मध्ये मोनॅकोत आला. ओलिव्हिए पानिस यांनी पावसाळी, अपघातांनी भरलेली ती शर्यत जिंकली तेव्हा धावत असलेल्या कार अवघ्या तीन उरल्या होत्या. मालक बदलले होते, इंजिन मुगेन-होंडाचे होते. त्याच वर्षी जानेवारीत मित्तराँ यांचे निधन झाले होते. पुढच्या वर्षी अलँ प्रोस्ट यांनी संघ घेतला, नाव बदलले आणि 2002 च्या सुरुवातीला तो दिवाळखोरीत गेला.

लिजिए स्वतः मात्र बुडाले नाहीत. त्यांनी नैसर्गिक खतांच्या धंद्यात जम बसवला. 1980 मध्येच त्यांनी वाहन परवाना नसलेल्यांनाही चालवता येतील अशा छोट्या कार बनवायला सुरुवात केली होती. त्यांत ना वेग ना रुबाब, पण गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून पैसे मोजत होते. ऑगस्ट 2015 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी लिजिए यांचे निधन झाले. त्या छोट्या कार फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत आजही धावतात, आणि ल मां येथे उतरणाऱ्या लिजिए शर्यती कारच्या नावांत श्लेसर यांची ‘जेएस’ ही अक्षरे अजूनही असतात.